विहिणीचा वेल

वाशी, जि. धाराशिव
१८ ऑगस्ट २०२४

सौ. सुहासिनीबाई विहीणबाईंना द्वारकाचा नमस्कार.

फोन लावून लावून बोट दुखलं. तुमच्या दोडामार्गाच्या डोंगरात फोन लागलाच तर ‘हॅलो’ तेवढं ऐकू येतं, पुढचं सगळं वाऱ्यावर जातं. शिवाय इकडून बोलायचं म्हणजे निकिताच्या फोनवरून, आणि ती समोर उभी राहून ऐकणार. म्हणून कागद घेऊन बसले.

लेकीबरोबर धाडलेले काजू संपले, कोकम अजून आहे. आणि ते बी. विहीणबाई, आमच्याकडे म्हणतात, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. घोडं परवडलं असतं. ते निदान दावणीला बांधता येतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, कृष्णराज आणि निकितानं पुणं सोडून इथं सीताफळाची बाग करायची ठरवलं, तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे आण्णासाहेबांनी, दोन एकर रान दिलं ते एका अटीवर. एक वर्ष बघू. जमलं तर राहा, नाही तर गुमान पुण्याला परत जा. कृष्णराज नोकरी सुटेपर्यंत तिकडेच, त्यामुळं परीक्षा द्यायची ती एकट्या सुनेनं. आणि परीक्षेच्या वर्षीच तिनं रोपांच्या मधल्या मोकळ्या जागेत तुमची कुयली पेरली. कशाला, तर जमीन झाकायला.

आता आमच्याकडे जमीन झाकत नाहीत हो. येणारा-जाणारा बांधावरून बघतो आणि म्हणतो, काय स्वच्छ रान राखलंय! त्यातच शेतकऱ्याची इज्जत. आमचं रान सध्या असं दिसतं की कुणी तरी हिरवी गोधडी टाकून झोपलंय. हे रोज सकाळी चहा पिताना एकदा म्हणतात, “हे पीक हाय का पसारा?” आणि उत्तर मला द्यावं लागतं. वर कुयली म्हटलं की बायकांना खाजकुयलीच आठवते. ही बिनखाजेची आहे असं निकिता दहादा सांगते, पण ऐकतं कोण?

तर सांगा, ह्या तुमच्या वेलबाईला आवरायचं कसं?

तुमची विहीण,
द्वारका


दोडामार्ग
२ सप्टेंबर २०२४

सौ. द्वारकाबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून हसावं की रागवावं ते कळेना, म्हणून दोन्ही केलं.

लग्नाच्या वेळी मी पहिल्यांदा तुमच्याकडची रानं पाहिली. ऐन मे महिना, मैलोन् मैल उघडी काळी जमीन, भेगा पडलेली. मी ह्यांना विचारलं, इथं काही झालं का? तुम्ही त्याला स्वच्छ म्हणता. आमच्याकडे उतारावर जमीन उघडी टाकली तर एका पावसात माती थेट नदीत जाते. काजूखाली कुयली लावायला लागलो तेव्हा कुठे माती जागेवर राहिली. तण दबतं, ओल टिकते, आणि पाला कुजला की खत वेगळं घालावं लागत नाही. म्हणून लेकीला दिली. घोडं म्हणून नव्हे.

पण ती वेलाची जात आहे. बोट दिलं की मनगट धरते. चार दिवसांनी एकदा तिची टोकं मागं वळवायची, रोपाभोवतालचं आळं मोकळं ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे फुलं आली की शेंग धरायच्या आत बुंध्याशी कापून तिथंच पसरायची. एवढं केलं की तिच्यासारखी गरीब बाई नाही. निकिताला हे शाळेत असल्यापासून येतं. तुम्ही फक्त तिला तिचं करू द्या.

व्याह्यांना सांगा, पसारा नाही, पांघरूण आहे.

तुमची,
सुहासिनी


वाशी
२९ सप्टेंबर २०२४

विहीणबाईंना नमस्कार.

पांघरूण आता शेजाऱ्याच्या अंगावर गेलं.

आमच्या बांधाला बांध लागून शिवलिंगप्पांचं रान आहे. ह्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. आठवडाभर पावसानं उघडीप दिली नाही, रानात पाय ठेवता येईना, आणि तेवढ्यात तुमची बाई बांध ओलांडून त्यांच्या तुरीवर चढली. तूर बिचारी सरळ माणूस, अंगावर कुणी आलं तर ढकलायचं कसं हे तिला माहीत नाही. पाऊस थांबल्यावर निकितानं दिवसभर वाकून वेल सोडवला, एकही फांदी मोडू दिली नाही. पण गावाला तेवढं पुरलं. आता सगळं गाव त्याला विहिणीचा वेल म्हणतं. काल पिठाच्या गिरणीत एकजण मला विचारतो, “काकू, विहीण खाली उतरली का अजून वरच हाय?” दळण तिथंच टाकून यावं असं वाटलं.

शिवलिंगप्पा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं होतं.

दसरा झाला की मी कळंबला चालले, लेकीच्या, राजनंदिनीच्या बाळंतपणाला. दिवाळीही तिकडेच होईल. घरी निकिता आणि हे. दोघं एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. मी नसताना काय दिवे लावतील देव जाणे.

द्वारका


दोडामार्ग
८ ऑक्टोबर २०२४

सौ. द्वारकाबाईंना नमस्कार.

राजनंदिनीचं सगळं सुखरूप होऊ दे. तिला आमचे आशीर्वाद.

गिरणीतल्या त्या माणसाला माझ्याकडे पाठवा, मी उतरते खाली.

एकच सांगते आणि पत्र संपवते, कारण सुपारी काढायला माणसं आली आहेत. फुलं दसऱ्याच्या आसपास येतील. जांभळे घोस लोंबायला लागले की कापायची. शेंग धरली की मग माझ्याकडे तक्रार आणू नका.

सुहासिनी


वाशी
२४ नोव्हेंबर २०२४

विहीणबाईंना नमस्कार.

परवा कळंबहून आले. राजनंदिनीला मुलगा झाला, दोघं खुशाल आहेत.

आता तक्रार. तुम्ही आणू नका म्हणालात तरी आणते, कारण शेंग धरली आहे. एक नव्हे, घोसच्या घोस. मखमलीसारखी लव असलेल्या जाड शेंगा. सीताफळाची रोपं तेवढी धडधाकट दिसतात, कारण निकितानं एकेकाभोवतीचं आळं मोकळं ठेवलंय. बाकी बांध कुठं आणि रान कुठं ते मलाच ओळखू येईना. शिवलिंगप्पांच्या बांधाकडच्या तुरीच्या ओळी वेलाखाली आडव्या झाल्या आहेत. शेंगा पाहून कामाच्या बायका खुरपी टाकून पळाल्या. जाईबाई माझ्याकडे पंचवीस वर्षं येते, तीसुद्धा म्हणाली, “काकू, म्या न्हाय जायची त्या रानात. काम करू का खाजवत बसू?” निकितानं एक शेंग स्वतःच्या गालावर चोळून दाखवली. तर त्या म्हणाल्या, कोकणातल्या माणसाची कातडीच येगळी असंल.

काल शिवलिंगप्पा अंगणात आले. पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाले, “आण्णासाहेब, तूर गेली ते जाऊ द्या. पण आता हे बी माझ्या रानात पडणार.” हे खाली बघून म्हणाले, “पोरीला कळलं न्हाई. चुकलं तिचं. येळवस झाली की टॅक्टर लावून समदं उलथून टाकतो, सीताफळासकट. पोरं जातील पुण्याला.” शिवलिंगप्पा आले तसे गेले. जाताना म्हणाले, यंदा येळवशीला तुमच्या कोपीत यायचं जमणार नाही.

तुमच्याकडे येळवस नसते, म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही सगळे रानात जातो, कडब्याची कोप उभी करतो, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतो, आंबील आणि भज्जीचं जेवण करतो. काळ्या आईची ओटी भरायचा सण. त्या दिवशी शिवलिंगप्पा आमच्या कोपीत आणि आम्ही त्यांच्या, हे माझ्या लग्नाआधीपासूनचं आहे. यंदा तुमच्या वेलानं ते तोडलं.

निकिता दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. एक अक्षर बोलली नाही. विहीणबाई, तुम्ही लिहिलं होतं ना की तिला सगळं येतं? मग कापलं का नाही तिनं? मी नव्हते म्हणून हातावर हात ठेवून बसली होती का?

मला फार राग आला आहे आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही, म्हणून तुमच्यावर काढते.

द्वारका


दोडामार्ग
४ डिसेंबर २०२४

सौ. द्वारकाबाई,

नातवाबद्दल अभिनंदन. एवढं झाल्यावर आता मी बोलते.

माझी मुलगी हजार ठिकाणी चुकेल. चहात साखर विसरेल, गाडीची किल्ली हरवेल. पण कुयली फुलावर कापायला ती चुकणार नाही. दरवर्षी आमच्या बागेत पहिला विळा तीच लावायची, आणि आम्ही सावकाश उठलो तर आमच्यावर ओरडायची. तिनं कापली नाही याचा अर्थ तिला कापू दिली नाही. कोणी, ते तुम्ही शोधा. तुमचं घर आहे.

मला वेलाची काळजी नाही. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मला टोचतंय, की ती दाराशी उभी होती आणि बोलली नाही. निकिता? जी पाचवीत असताना मास्तरांना ‘तुमचं उत्तर चुकलंय’ म्हणाली होती? तुमच्या घरात राहून ती अशी गप्प व्हायला शिकली असेल तर माझं स्पष्ट मत ऐका. येळवस झाली की तिला पाठवून द्या. पुण्याला नको, माझ्याकडे. तिची खोली मी अजून कुणाला दिलेली नाही.

शिवलिंगप्पांचं म्हणणं मात्र खरं आहे. शेंगा तोडल्या तरी वेलाच्या गुंत्यात निम्म्या राहतातच, आणि त्या वाळून फुटल्या की बी लांब उडतं. ट्रॅक्टरनं ते जात नाही, उलट खोल गाडलं जातं आणि तीन-चार पावसाळे थोडं थोडं उगवत राहतं. दरवर्षी पाऊस पडला की रोप ओळखून हातानं उपटावं लागतं. हे व्याह्यांना आधीच सांगून ठेवा, नंतर पुन्हा विहिणीच्या नावानं खडे फोडतील.

सुहासिनी


वाशी
१३ डिसेंबर २०२४

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी संतापले. माझं घर, माझ्या घरात कोण कुणाला गप्प करतं? मग जाईबाईला ओट्यावर बसवून चहा दिला आणि विचारलं.

ती म्हणाली, “मला वाटलं तुमाला ठावं हाय. दसऱ्यामागनं वहिनी आन् मी इळं घिऊनच गेलतो. आण्णांनी बांधावरच आडवलं. वहिनीच्या हातातला इळा काढून घेतला.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, विहीणबाई.

ह्यांच्या घराण्यात एक रीत आहे. फुलोऱ्यात आलेल्या पिकाला विळा लावायचा नाही. फुलावर आलेलं पीक म्हणजे दिवस गेलेली बाई. सासरे तर मेथीला फुलं आली की उपटू देत नसत. सगळी मेथी बियाला जायची आणि आम्ही सुना भाजीवाचून. मी ह्या घरात चाळीस वर्षं काढली, पण ही रीत तुमच्या वेलालाही लागू होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. कारण मी त्याला पीक समजतच नव्हते. हेही समजत नव्हते! पावसाळाभर पसारा म्हणाले आणि फुलं दिसल्याबरोबर ती लक्ष्मी झाली.

मी ह्यांना विचारलं, शिवलिंगप्पांसमोर खरं का नाही सांगितलं? तर म्हणतात, “सासऱ्यानं सुनेच्या हातातला विळा घेतला, आसं चारचौघांत सांगू? मला काय ठावं ते एवढं बी धरंल.” म्हणजे हिची चूक सांगायला चारचौघं चालतात, स्वतःची सांगायला नाही. तेव्हापासून मी ह्यांच्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आपटते. ताटं सगळी पोचली, ह्यांना पोच आला नाही.

निकिताला विचारलं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, “आत्या, मी वाट बघतेय.” ती मला इथल्या रीतीनं आत्या म्हणते. कशाची वाट, ते सांगितलं नाही. कृष्णराजला फोन केला तर तो ‘बघू’ म्हणाला. त्याच्या बापानं लहानपणी त्याला हाच एक शब्द शिकवला.

तुम्ही तिला पाठवून द्या म्हणता. तुमचा हक्क आहे, मी नाही कशी म्हणू? पण खरं सांगते, ती आल्यापासून ह्या घरात कुणी तरी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतं. संध्याकाळी रानातून आली की पाय धुऊन माझ्याशेजारी बसते आणि आज काय झालं ते सांगते. ह्या घरात चाळीस वर्षांत कुणी मला आज काय झालं ते सांगितलं नव्हतं. ती गेली तर मला फार जड जाईल. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं.

ट्रॅक्टर सांगून ठेवला आहे. येळवशीच्या दुसऱ्या दिवशीचा.

द्वारका


दोडामार्ग
२१ डिसेंबर २०२४

द्वारकाबाई,

तुम्हाला ती हवी आहे हे वाचून बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. मलाही ती हवी आहे. एक मुलगी आणि दोन आया, वाटणी कशी करायची?

व्याह्यांना माझा नमस्कार सांगा, आणि नमस्कारानंतर हेही सांगा. काळ्या आईची ओटी जरूर भरा. पण घरातल्या लेकीवर खोटं ढकलून भरलेली ओटी कोणती आई घेते, ते मला माहीत नाही.

निकिताचं तिकीट काढू का, ते कळवा.

सुहासिनी


वाशी
१ जानेवारी २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

तिकीट काढू नका. आधी सगळं वाचा, मग रागवा.

परवा येळवस झाली. पहाटेपासून मी आणि निकितानं रांधलं. भज्जीत हरभऱ्याची भाजी, तुरीचे आणि पावट्याचे कोवळे दाणे, गाजर, शेंगदाणे, बेसन, ताक, सगळं एकत्र शिजतं. त्यातही निकितानं एकेक दाणा हातानं निवडला, रानातल्या कुयलीचा एखादा चुकून पडायला नको म्हणून. तो पोटाला बाधतो म्हणे. आणि एवढ्या सावध पोरीला कळलं नाही असं हे सांगत होते! माझा राग पुन्हा उकळला. कृष्णराज आला होता, त्यानं कोप बांधली. वाकडी बांधली, पण बांधली.

पूजा झाली. पंगत बसायची वेळ आली. दरवर्षी ह्या वेळेला शिवलिंगप्पा बांधावरून हाक देत येतात. हे चारदा कोपीबाहेर जाऊन आले. मी विचारलं नाही कुणाला बघता म्हणून. विचारलं असतं तर बोलल्यासारखं झालं असतं.

तेवढ्यात शिवलिंगप्पा आलेच. पण जेवायला नव्हे. धोतराचा सोगा हातात, डोकं तापलेलं. कोपीच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, “आण्णासाहेब, तुमची सून चालली म्हणं? उद्या टॅक्टर बी येणार म्हणं?”

हे म्हणाले, व्हय.

“आन् माझ्या रानातलं बी कोण उपटणार? ते चार पावसाळं उगवतंय म्हणं. जाईबाई सांगत व्हती, सूनबाईनंच तिला सांगितलंय. कवळं असताना ते वळखायचं कसं? मला तर ते पावट्यागत दिसतंय, मी पावटाच उपटून बसीन! गावात एक माणूस ते वळखतंय, आन् तुमी त्येलाच पुण्याला धाडता? वेल माझ्या रानात सोडून? ते काय न्हाय. जिनं लावला तिनंच उपटायचा. चार पावसाळं ही पोरगी हितनं हलायची न्हाय.”

विहीणबाई, मी आयुष्यात एवढं गोड भांडण ऐकलं नव्हतं. हसू आवरेना, म्हणून आंबिलीच्या मडक्यात तोंड घातलं.

निकिता उठून म्हणाली, “काका, उपटीन की. तुमच्या रानातलं आधी.” मग हे खाकरले. खाली पांडवांकडे बघत म्हणाले, “मी बी येतो उपटायला.”

शिवलिंगप्पा म्हणाले, “तुमी कशापायी?”

“कापू मीच दिलं नव्हतं,” हे म्हणाले. “पोरगी इळा घिऊन आलती. मी काढून घेतला.”

शिवलिंगप्पांनी हातातला सोगा सोडला. मग म्हणाले, “तुमच्या बापानं अशीच मेथी सोडली व्हती. माझ्या रानात तीन साल उगवत व्हती.” आणि ते जायला वळले. मी पुढं होऊन पेला त्यांच्या हातात दिला. कोपीत पाऊल टाकलेला माणूस आंबील न पिता परत जात नाही, मग तो भांडायला का आलेला असेना. त्यांनी उभ्यानंच पेला रिकामा केला. मग बसले. मग दोनदा भज्जी घेतली.

ट्रॅक्टरवाल्याला कृष्णराजनं येऊ नको म्हणून कळवलं. मी काल ह्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ताट उचला.

तर निकिता राहणार. तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतं. पण मला फार आनंद झाला आहे, तो तुमच्यापासून लपवत नाही.

द्वारका


दोडामार्ग
१२ जानेवारी २०२५

द्वारकाबाई,

पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे हसले. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. बी मीच दिलं आणि मुलगी मीच अडकवली, असं झालं.

व्याह्यांनी चारचौघांत सांगितलं, त्याबद्दल त्यांना मानते. शिवलिंगप्पांना माझा नमस्कार. त्यांच्या तुरीचं वाईट वाटतं.

पण द्वारकाबाई, एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. व्याही म्हणाले, एक वर्ष बघू. मी म्हणाले, माझ्याकडे पाठवा. तुम्ही म्हणालात, मला हवी आहे. शिवलिंगप्पा म्हणाले, हलायची नाही. आता ती राहणार, कारण वेल उपटायला माणूस पाहिजे. ह्या सगळ्यात तिला कुणी विचारलं का? मी नाही विचारलं. आई असून नाही विचारलं. तुम्ही तिच्याजवळ आहात, तुम्ही विचारा. आणि ती जे म्हणेल ते मला जसंच्या तसं कळवा, गोड करून नको.

सुहासिनी


वाशी
२० जानेवारी २०२५

आई,

आत्यांनी तुझं पत्र माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाल्या, “घे, तूच लिही. मला तुझ्या आईला उत्तरं देऊन देऊन वैताग आला.” मग स्वतः शेजारी येऊन बसल्या आहेत आणि मी काय लिहिते ते चष्म्यातून बघत आहेत. तर हे पत्र तुम्हा दोघींना.

चार-पाच महिने पोस्टमन उमाशंकरकाका तुझी पत्रं माझ्याच हातात देतात. मी एकही फोडलं नाही. पण आत्या वाचून झाल्यावर माझ्याकडे ज्या नजरेनं बघायच्या, त्यावरून मला कळायचं की आज मी चांगली आहे की वाईट. पाठवा, ठेवा, राहू दे, हलायची नाही. मी काय जेवणाचा डबा आहे?

मी गप्प होते ती घाबरून नव्हे. विळा आण्णांनी घेतला होता, तर ते सांगणंही त्यांचंच होतं. मी बोलले असते तर सून उलट बोलली एवढंच गावात राहिलं असतं. त्यांना अडीच महिने लागले. मला रोज ओरडावंसं वाटत होतं, आई. रोज. रानात जाऊन ओरडायचे. सीताफळांना सगळं माहीत आहे.

आता विचारलंच आहे तर सांगते. मी राहणार आहे. वेल उपटायला नव्हे. तो मी उपटीनच, कारण काकांची तूर माझ्या वेलानं घालवली. पण ते संपल्यावरही राहणार आहे. मला इथं आवडतं. ही काळी जमीन मला आधी भकास वाटायची. आता मी तिच्यावरून चालले की मला माझं रान पायाला कळतं. तुझी आठवण येते, खोली कुणाला देऊ नकोस, मी मे महिन्यात येणार आहे. तिथं आंबे खाऊन परत येणार आहे. तुला वाईट वाटेल, आणि मला त्याचं वाईट वाटतं, पण गोड करून नको असं तूच लिहिलंस.

परवा वेल कापून पसरला. खाली हात घातला तर जानेवारीत माती ओली होती. शिवलिंगप्पाकाका हात घालून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन हात घालून गेले.

आणि आत्या, तुम्ही वाचताच आहात तर हेही वाचा. येत्या पावसाळ्यात मी कुयली परत लावणार आहे. बांधापासून लांब, पण लावणार. फुलावर आली की मीच कापणार, विळ्यानं, बुंध्याशी. तो दिवस मी आण्णांना आधी सांगेन. ज्यांना बघवत नसेल त्यांनी त्या दिवशी कळंबच्या बाजाराला जावं.

तुमची,
निकिता